प्रतिकारशक्तीचे गणित परळच्या शेजारी

रे रोडच्या या गोदी आणि गोदामांच्या भागात पोस्टडॉक संशोधनाची परिषद कशाला, असे कुणाला वाटेल. पण १८९६ साली प्लेग मुंबईत पहिल्यांदा आढळला तो जवळच्या मांडवीत. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात पुढे आलेल्या कैद्यांना दिली. (कैद्यांची ती संमती आजची कोणतीही नैतिकता समिती मान्य करणार नाही, हेही सांगितले पाहिजे.) टोचलेले किती, न टोचलेले किती, दोन्हींत दगावले किती, ही मोजदाद झाली म्हणून लसीवर विश्वास बसला. प्रतिकारशास्त्र आणि आकडेमोड या शहरात सुरुवातीपासून एकत्र नांदली आहेत.

आज विषाणूच्या प्रथिनाचा कोणता तुकडा आपल्या पेशींवर असे तुकडे प्रतिकारयंत्रणेला दाखवणाऱ्या एचएलए रेणूत चपखल बसेल, हे संगणक वर्तवतो. मात्र तो ज्या नमुन्यांवरून शिकतो त्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचा वाटा मोठा आहे आणि एचएलएची रूपे समाजागणिक बदलतात. आपल्याच माणसांचे नमुने नसतील तर काय निसटते, ते १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी दाखवले. नेहमीच्या तपासणीत ओ वाटणारे, पण ओ गटाचे रक्तही न चालणारे रुग्ण मुंबईत सापडले आणि ‘बॉम्बे’ रक्तगट जगाला कळला. म्हणून असे संशोधन इथे व्हायला हवे.

सोयी परदेशातच आहेत, हा आक्षेप अर्धाच खरा. परळच्या प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्थेने सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडांचा ‘कॅम्प’ हा खुला संग्रह २०१० साली जगापुढे ठेवला. प्रयोगशाळेत सिद्ध झाल्याशिवाय संगणकाचा अंदाज व्यर्थ, हे दुसरे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. त्यासाठीच केईएम व टाटा रुग्णालये आणि हाफकिन संस्था हाकेच्या अंतरावर असलेली ही जागा मोलाची. खरी अडचण वेगळी आहे: तिशीतल्या संशोधकाला वर्षावर्षाच्या मुदतवाढीवर ठेवले, तर तो धाडसी प्रश्न हातात घेणार कसा? किमान तीन वर्षांची नेमणूक, प्रयोगशाळेतला एक आणि संगणकशास्त्रातला एक असे दोन मार्गदर्शक, आणि संशोधनाचा प्रश्न उमेदवाराने स्वतः निवडलेला, असा मसुदा आम्ही दुपारच्या सत्रात मांडत आहोत. यजमान संस्थांनी आपल्या दुरुस्त्या त्याआधी लेखी द्याव्यात.