होय, वार मीच केला

आमच्या घरात दखनी बोलली जाते. दखनीत ‘खून’ म्हणजे रक्त. लहानपणी खेळताना गुडघा फुटला की आई म्हणायची, ‘खून निकला रे,’ आणि पदर फाडून पट्टी बांधायची. मराठी शाळेत गेलो तेव्हा कळलं, इथं खून म्हणजे माणूस मारणं. शब्द तोच, पण घरात त्याला पट्टी लागायची आणि शाळेच्या पुस्तकात फाशी. पुढं मी मराठीत कविता लिहू लागलो. पण या दोन अर्थांमधलं अंतर मला कवितेनं शिकवलं नाही. ते कळलं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर.

गोष्ट 1990 नंतरची. मी बी.ए. होऊन नोकरी शोधत होतो. मृग तोंडावर आला होता. शेताच्या वाटेनं सायकलवर येताना शे-दीडशे पावलांवर दोन चुलतभावांचा बांध दिसत होता. थोरल्याला गाव आबा म्हणायचं, धाकट्याला तात्या. ‘तू बांध कोरलास’ हे त्यांचं जुनं भांडण. त्या सकाळी तात्या खोऱ्यानं बांधावर माती ओढत होते. आबा कुऱ्हाड घेऊन आले. शब्दानं शब्द वाढला आणि कुऱ्हाड वर गेली. तात्यांनी डावा हात आडवा घातला म्हणून डोकं वाचलं; हात मनगटापासून कोपरापर्यंत फाटला. तात्यांनी खोरं फिरवलं. आबा पडले. आणि मग खोरं आणखी एकदा वर जाऊन खाली आलं. मी सायकल टाकून धावत पोचलो, तोवर सगळं संपलं होतं.

त्या रात्री भावकी बसली. सल्ला ठरला, ‘तू तिथं नव्हतासच. लेकीच्या गावाला गेलतास.’ फाटलेल्या हातात हळद भरून वर फडकं बांधलं. डॉक्टरकडं जायचं नाही, कारण जखम दाखवली तर तिथं असल्याचं कबूल होतं. दोन दिवसांनी अटक झाली. पुढं तात्यांच्या वकिलांनी हे ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला. म्हणाले, ‘अहो, तुमची जखम हीच तुमची पहिली साक्षीदार. तिलाच दोन दिवस फडक्यात कोंडून ठेवलंत?’

श्रोतेहो, आपल्याकडं खुनाच्या खटल्यात हीच चूक पुन्हा पुन्हा होते. ज्याच्याजवळ खरा बचाव असतो, तो खोटा बचाव घेतो. स्वसंरक्षणाच्या बचावाची तऱ्हाच उलटी आहे. चोर म्हणतो, मी चोरी केली नाही. स्वतःचा जीव वाचवणाऱ्याला आधी म्हणावं लागतं, ‘होय, वार मीच केला’. आणि मग, ‘का केला ते ऐका.’ ‘मी तिथं नव्हतोच’ आणि ‘मी जीव वाचवायला मारलं’ ही दोन वाक्यं एका तोंडात शोभत नाहीत. 1967 साली मुन्शी राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आरोपीनं स्वतः स्वसंरक्षणाचं नाव घेतलं नसलं, तरी पुराव्यातून ते दिसत असेल तर न्यायालयानं त्याचा विचार करावा. ही कायद्याची मोठी मेहेरबानी. पण पुराव्यातून दिसायला पुरावा तर शिल्लक हवा. जखम लपवली, साक्षीदार गप्प केले, तर न्यायालयानं पाहायचं कुठं?

कायदा काय म्हणतो, तेही थोडक्यात सांगतो. भारतीय दंड संहितेत हा हक्क कलम 96 ते 106 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिथं तो कलम 34 ते 44 मध्ये आहे. गाभा तोच राहिला. मरणाची किंवा जबर दुखापतीची भीती असेल, बलात्काराच्या, पळवून नेण्याच्या किंवा अ‍ॅसिड फेकण्याच्या इराद्यानं हल्ला असेल, तर बचाव करताना समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला अवधी असेल तर हा हक्कच मिळत नाही. स्वसंरक्षण दाखवून देण्याचा भार आरोपीवर असतो. मात्र सरकारी पक्षाला गुन्हा जसा निःसंशय सिद्ध करावा लागतो, तसा त्याला करावा लागत नाही. ‘असं घडलं असणं जास्त संभवतं’ इतपत दाखवलं तरी पुरतं.

या बाबतीत एक निकाल मला फार जवळचा वाटतो. 5 मार्च 1950 रोजी कटनी गावात फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित आणि स्थानिक मुसलमान यांच्यात दंगल झाली. कटनी तेव्हाच्या मध्य प्रदेशात. राजधानी आणि उच्च न्यायालय दोन्ही नागपुरात. अमजद खान नावाच्या दुकानदाराच्या भावाचं दुकान शेजारीच होतं. जमावानं ते फोडून लुटलं आणि मग अमजद खानाच्या दारावर लाठ्या बसू लागल्या. आत घरची माणसं. त्यानं बंदुकीच्या दोन गोळ्या झाडल्या. एक माणूस मेला, काही जखमी झाले. त्याला खुनी ठरवण्यात आलं, उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. 1952 साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. निकाल लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, ज्यांची वकिली आणि न्यायदान नागपुरात घडलं होतं. त्यांनी म्हटलं ते असं, की अशा प्रसंगी माणसानं किती बळ वापरलं हे सोन्याच्या काट्यावर तोलता येत नाही. दार फुटेपर्यंत थांबून बघायला कायदा सांगत नाही.

आपल्या मोंढ्यात दोन काटे असतात. एकावर पोती चढतात, दुसऱ्यावर सोनार गुंजा मोजतो. जिवावर बेतलेल्या माणसाला कायदा पोत्यांच्या काट्यावर तोलतो, एवढी त्याची समज आहे. पण काटा ठोकळ असला तरी तो काटाच असतो. पंजाबातल्या जय देव खटल्याचा निकाल याची दुसरी बाजू दाखवतो. तोही शेताचाच वाद. हा निकाल साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांचा. समोरचे लोक पळू लागले, तरी त्यांच्यावर गोळ्या चालल्या होत्या. न्यायालयानं सांगितलं, धोका संपला की हक्कही संपला. पळणाऱ्याच्या पाठीवर झाडलेली गोळी बचावाची राहत नाही.

म्हणजे सगळा प्रश्न त्या दोन-चार क्षणांचा. आणि ते क्षण माझ्या ताब्यात होते.

साक्षीच्या आधी दोन्हीकडची माणसं घरी येऊन गेली. ‘तू भावकीतला नाहीस, तुझं कोर्ट ऐकंल,’ असं दोघंही म्हणाले. आबांच्या मुलाचं म्हणणं, ‘आबाच्या हातात कुऱ्हाड नव्हतीच म्हण.’ तात्यांच्या माणसांचं म्हणणं, ‘पडल्यावरही आबाचा हात कुऱ्हाडीच्या दांड्यावर होता म्हण.’ ओसरीवर वडील बसले होते. पाहुणे गेल्यावर ते एवढंच बोलले, ‘जितना देखा, उतना बोल.’

मी पहिला वार कुणाचा ते सांगितलं. तात्यांचा हात कसा फाटला ते सांगितलं. दुसऱ्यांदा खोरं खाली आल्याचंही सांगितलं; तेव्हा तात्यांच्या घरच्यांनी माना खाली घातल्या. मग वकिलांनी उलटतपासणीत विचारलं, ‘दुसऱ्या वाराच्या वेळी मयताचा हात कुऱ्हाडीवर होता की नाही?’ एका ‘होय’वर एक माणूस सुटणार होता. मी म्हणालो, ‘मला दिसलं नाही.’

पुढं तात्यांना त्यांचा जबाब विचारला गेला. वकिलांनी त्यांना केव्हाच समजावलं होतं. ते म्हणाले, ‘होय, वार मीच केला. केला नसता तर आज मी हितं नसतो.’ न्यायालयानं मानलं, की बचावाचा हक्क तात्यांना होता. पण तो वापरताना मर्यादा ओलांडली गेली. म्हणून खून नव्हे, सदोष मनुष्यवध. कायद्यात अशा चुकीलाही जागा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. ते काही वर्षं आत राहिले. ‘मी तिथं नव्हतोच’ यावर अडून बसले असते, तर जन्मठेपेतच अडकले असते, असं त्यांचे वकील नंतर म्हणाल्याचं ऐकलं.

हे सगळं आज आठवायला कारण आहे. 2024च्या डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि आपल्या जिल्ह्यातल्या बंदुकीच्या परवान्यांची चर्चा राज्यभर झाली. 2025 मध्ये शंभरावर परवाने रद्द झाले. परवाना मागताना नेहमीचं कारण असतं, ‘स्वसंरक्षण’. कमरेला पिस्तूल लावून फोटो काढणाऱ्या पोरांनाही हाच शब्द पाठ असतो. पण कायद्यातलं स्वसंरक्षण कमरेला लावून फिरता येत नाही. ते संकटाबरोबर येतं आणि संकटाबरोबर जातं. घरून ठरवून नेलेल्या हत्याराला ते नाव मिळत नाही.

आणि कुणावर खरंच तशी वेळ आलीच, तर एवढं लक्षात ठेवा. अंगावरची जखम त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवा, तिची नोंद करून घ्या. पळून जाऊ नका. वकील गाठा आणि त्याला पहिल्याच दिवशी सगळं खरं सांगा, आपल्या गैरसोयीचंसुद्धा. आणि ज्यांनी पाहिलं, त्यांनी पाहिलं तेवढंच सांगा.

सुटून आल्यावर तात्या मला आठवडी बाजारात भेटले. डाव्या हाताची बोटं वळत नव्हती. त्याच हातानं त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, ‘भाई, तू दिसलं नाही म्हणालास, त्याचा लई राग होता मला. आत रोज रात्री इचार केला. आबाचा हात कुठं होता?’ थोडा वेळ ते थांबले. मग म्हणाले, ‘मलाबी आठवत नाही बघ.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)