रानातल्या पाण्याला हवेत संशोधक

(आलापल्ली परिसरातील पदवी अभ्यासक्रमाचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आलापल्लीचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे साग उभा राहतो. येथील वनवैभवाला २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, तोही या वृक्षसंपदेच्या बळावर. मात्र ज्या भूमीवर हा साग वाढला, ती भूमी पाण्याचीही आहे, याची आठवण फारशी कोणी करून देत नाही. येथून हाकेच्या अंतरावर अहेरीला प्राणहिता वाहते. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम होतो. सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीला मिळते. नाल्यांचे डोह, भातशेतीच्या कडेच्या बोड्या, गावतळी आणि अलीकडची शेततळी यांची तर गणतीच नाही. तरीही आठवडी बाजारात अनेकदा विकली जाते ती आंध्रच्या तळ्यांतून बर्फात भरून आलेली मासळी. पाणी आपले, खाणारा आपला, पण मासा परक्या तळ्यातला! हे असे का, याचा शोध घेणे हेच मत्स्यविज्ञानातील संशोधनाचे पहिले पाऊल ठरू शकते.

‘मत्स्यविज्ञान म्हणजे समुद्र, आणि समुद्र म्हणजे कोकण’ अशी एक समजूत विदर्भातील सुशिक्षित घरांतही घट्ट रुजलेली आहे. आकडे मात्र निराळेच सांगतात. २०२२-२३ या वर्षात भारतात सुमारे १७५ लाख टन मत्स्योत्पादन झाले, त्यातील सुमारे १३१ लाख टन भूजल क्षेत्रातील म्हणजे तळी, नद्या, जलाशय यांतील होते. देशात दर चार माशांपैकी जवळजवळ तीन समुद्राबाहेरचे आहेत. महाराष्ट्रात मात्र हे प्रमाण उलटे आहे. येथे सागरी मासळीचाच वाटा मोठा आहे. जी उणीव आहे, तेथेच अभ्यासकाला काम आहे.

एका इंजेक्शनाची क्रांती

संशोधनाने काय घडते, याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. रोहू, कटला, मृगळ हे आपले प्रमुख मासे बंद तळ्यात वाढतात, पण तेथे अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे पूर्वी मत्स्यबीज नदीतून गोळा करावे लागे. त्यात नको असलेल्या जातींची भेसळ होई, आणि बरेच बीज वाटेतच मरे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगूल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखाली असणाऱ्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातींच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. डॉ. के. एच. अलीकुन्ही हे या कार्यातील त्यांचे सहकारी. भारतातील गोड्या पाण्याचे आजचे सारे मत्स्यपालन या प्रयोगाच्या पायावर उभे आहे. म्हणूनच १० जुलै हा दिवस देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

पुढचे पाऊल भुवनेश्वरजवळील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने टाकले. नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी निवड पद्धतीने सामन मासा सुधारला होता. तीच पद्धत रोहूला लावून, नॉर्वेच्याच सहकार्याने, या संस्थेने ‘जयंती रोहू’ विकसित केला. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ साली, तो शेतकऱ्यांच्या हाती आला. दर पिढीला वाढीचा वेग सरासरी १७ टक्क्यांनी वाढत गेला. जगाचे ज्ञान घ्यावे, आपल्या माशावर वापरावे आणि फळ आपल्या शेतकऱ्याला द्यावे, हा स्वावलंबनाचा वस्तुपाठच होय.

आलापल्लीचे प्रश्न, आलापल्लीचे प्रबंध

आता या परिसराकडे वळू. प्रयोगशाळा मोठ्या शहरात असतात. संशोधनाचा विषय मात्र अनेकदा खेड्याच्या वेशीवर पडलेला असतो. गडचिरोलीच्या रानात असे किमान चार विषय उत्तराची वाट पाहत आहेत.

पहिला विषय हंगामी पाण्याचा. येथे पाऊस भरपूर पडतो, पण बोडी किंवा लहान तळे उन्हाळ्याच्या तोंडाशी आटते. विक्रीयोग्य आकार यायला रोहू-कटल्याला जवळपास वर्ष लागते. मग सहा-सात महिन्यांच्या पाण्यात कोणता मासा घ्यावा? मत्स्यजिरे सोडावे, बोटुकली सोडावी, की आधीच्या वर्षी मुद्दाम दाटीत वाढ रोखून ठेवलेले आणि मोकळ्या पाण्यात गेल्यावर झपाट्याने वाढणारे वर्षभराचे मासे सोडावेत? पानगळीने तळ्यात साठणारा सागाचा पाला पाण्याचे काय करतो? येथील मातीत आणि येथील पाण्यात याचे उत्तर ज्याने मोजून काढले, त्याचे ऋण शेकडो कुटुंबे मानतील.

दुसरा विषय नद्यांचा. गोदावरीच्या नावाने ओळखला जाणारा झिंगा सिरोंच्याकडच्या पाण्यात मिळतो. या झिंग्याच्या पिल्लांना वाढीच्या पहिल्या अवस्थेत मचूळ पाणी लागते, आणि पुढे ती प्रवाहाविरुद्ध वर चढतात. नदीवर जागोजागी अडथळे उभे राहिले, तर ही ये-जा कशी राहणार? सिरोंच्याजवळचे मेडीगड्डा धरण २०१९ साली कार्यान्वित झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. अभियंत्यांनी खांबांचा अभ्यास केला. माशांचा अभ्यास कोण करणार? सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचे उत्खनन वाढते आहे. त्या परिसरातील नाल्यांच्या पाण्याची व जलचरांची वर्षानुवर्षे पद्धतशीर नोंद ठेवणे हेही संशोधन आहे. उद्या वाद उभा राहिला, तर आरोळीपेक्षा अशी नोंदच गावाच्या कामी येईल.

तिसरा विषय पोषणाचा. जागतिक अन्न पुरस्काराच्या मानकऱ्यांत दोन नावे या संदर्भात महत्त्वाची आहेत. २००५ साली हा पुरस्कार आंध्रातील बापटला येथे जन्मलेले डॉ. मोदडुगु विजय गुप्ता यांना मिळाला. बांगलादेशात घरामागचे खड्डे व डबकी यांत मासे वाढवण्याची सोपी पद्धत त्यांनी गरीब कुटुंबांना, विशेषतः महिलांना, शिकवली. २०२१ साली तो भारतीय वंशाच्या डॉ. शकुंतला थिल्स्टेड यांना मिळाला. रोहू-कटल्याच्या तळ्यातच बोटभर लांबीचे देशी मासे वाढवावेत, आणि डोक्या-काट्यांसकट खाल्ले जाणारे हे मासे माता-बालकांना जीवनसत्त्व ‘अ’, लोह आणि कॅल्शियम देतात, हे त्यांनी दाखवून दिले. असे लहान मासे आपल्या भातखाचरांतही आहेत. कुपोषणाची झळ सोसणाऱ्या जिल्ह्याने या संशोधनाकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही.

चौथा विषय परंपरेच्या ज्ञानाचा, आणि तो सर्वांत तातडीचा आहे.

तळे नांगरणारे कोळी

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना प्रेमाने ‘मामा तलाव’ म्हणतात. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने हे तलाव बांधले, धीवर समाजाने त्यांत मासे राखले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे गाळ साचला, बेशरमची झुडपे माजली, केवळ रोहू-कटल्याचे बीज सोडण्याची पद्धत आली आणि देशी जाती विरळ होत गेल्या.

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात श्री. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे कार्यकर्ते यांनी या प्रश्नाला हात घातला. तळ्यात कोणती वनस्पती कोठे वाढते, कोणता मासा तिच्या आडोशाला अंडी घालतो, हे त्यांनी पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्या धीवरांकडून समजून घेतले. मग बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ्याचा काठ चक्क नांगरला आणि पाण्याखालच्या व पाण्यावर तरंगणाऱ्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या. माशांना चारा आणि आडोसा मिळाला, देशी मासे परतले, पाठोपाठ पाखरेही आली. या कामात धीवर समाजातील महिला पुढे झाल्या, हे विशेष. पुस्तक न वाचलेल्या माणसाचे ज्ञान आणि पुस्तक वाचलेल्याची शिस्त एकत्र आली की काय घडते, ते येथे दिसते.

अहेरीकडचा भाग जमीनदारीचा, त्यामुळे येथील पाण्याचा इतिहास थोडा निराळा आहे. पण ज्ञानाची श्रीमंती तीच. माडिया आणि गोंड बांधवांचे बांबूचे सापळे, कोणत्या नक्षत्रात कोणता मासा चढतो याची त्यांची जाण, तेलुगूभाषक कोळ्यांची जाळी, पूर्व पाकिस्तानातून विस्थापित होऊन मुलचेरा-चामोर्शीकडे वसलेल्या बंगाली कुटुंबांचे घरचेच तळ्याचे शास्त्र, असे चार प्रवाह एका तालुक्याच्या अंतरात कोठे मिळतील? आणि हे सारे ज्ञान बव्हंशी साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या स्मरणात आहे. एक म्हातारा गेला की त्याच्याबरोबर माशांची पाच-पंचवीस नावे जातात. ती परत मिळत नाहीत.

वाट कोणती?

आता व्यवहाराचे बोलू. येथे स्पष्ट सांगितले पाहिजे की या क्षेत्रात बारावीनंतरचा निर्णय फार दूरवर परिणाम करतो. जीवशास्त्रासह विज्ञान शाखेतून बारावी झालेल्याला चार वर्षांची मत्स्यविज्ञान पदवी घेता येते. नागपूर व उदगीर येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालये महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची आहेत. रत्नागिरीजवळ शिरगावचे महाविद्यालय १९८१ पासून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. या पदवीनंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आणि मग पीएच.डी., असा सरळ मार्ग आहे. मुंबईत वर्सोव्याला १९६१ साली स्थापन झालेली आणि १९८९ पासून अभिमत विद्यापीठ असलेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था हे या शिक्षणाचे देशातील अग्रगण्य पीठ. मत्स्यसंवर्धन, अनुवंशशास्त्र, जलचरांचे आरोग्य, मत्स्यपोषण, काढणीपश्चात तंत्रज्ञान, मत्स्य अर्थशास्त्र, विस्तारशिक्षण असे अनेक विषय तेथे आहेत. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अखिल भारतीय परीक्षेतून येथे प्रवेश मिळतो, आणि गुणवंतांना संशोधन शिष्यवृत्तीही मिळते.

ज्यांनी प्राणीशास्त्रात बी.एस्सी. केली आहे किंवा करत आहेत, त्यांनी निराश होऊ नये. त्यांची वाट थोडी वळणाची आहे. प्राणीशास्त्रात एम.एस्सी. करावी, शक्य तेथे मत्स्यशास्त्र हा विशेष विषय घ्यावा, जीवविज्ञानाची ‘नेट’ परीक्षा द्यावी आणि पीएच.डी.ला नोंदणी करावी. २०११ साली स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ याच भूमीत आहे. घर आणि अभ्यासक्षेत्र दोन्ही जवळ ठेवणारा हा पर्याय अनेकींना, विशेषतः घरापासून दूर राहण्यास अडचण असणाऱ्या मुलींना, सोयीचा आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही दार बंद नाही. मच्छीमार सहकारी संस्था का चालतात आणि का मोडतात, तलावाचा ठेका कोणाच्या हाती जातो, हे अर्थशास्त्र व समाजशास्त्राचे अस्सल विषय आहेत.

पैशाचा प्रश्न खरा आहे, पण तो सुटणारा आहे. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारच्या जनजाती कार्य मंत्रालयाची संशोधन अधिछात्रवृत्ती आहे. परदेशी शिक्षणासाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीत जमातींसाठी दरवर्षी २० जागा ठेवल्या गेल्या आणि त्यांतील ३ आदिम जमातींसाठी राखल्या गेल्या. महाराष्ट्रात आदिम म्हणून नोंदलेल्या तीन जमातींपैकी एक माडिया गोंड आहे, हे या सभागृहातील प्रत्येकाने लक्षात ठेवावे. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग, अमेरिकेतील ऑबर्न, नेदरलँड्समधील वागेनिंगेन, बँकॉकजवळील आशियाई तंत्रज्ञान संस्था येथे मत्स्यसंवर्धनाचे उच्च शिक्षण मिळते. तेथे जायला हरकत नाही. येताना ज्ञान घेऊन यावे.

पदवीनंतर पुढे काय, असे पालक विचारतील. कृषी संशोधन सेवेतील शास्त्रज्ञपद, राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागातील अधिकारीपद, कृषी विज्ञान केंद्रे, महाविद्यालयीन अध्यापन, मत्स्यबीज केंद्र आणि खाद्यनिर्मिती यांतील स्वतःचा उद्योग, असे मार्ग आहेत. जागा मोजक्या आणि स्पर्धा मोठी असते, हेही खरे. परंतु एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. अशा निर्णयाचा लाभ गावापर्यंत पोहोचायचा, तर पाणी समजणारी माणसे गावातच लागतील.

फळ कोणाचे?

शेवटी एक प्रश्न उरतो. संशोधन होते, प्रबंध जाड होतो, कपाटात जातो. गावाला काय मिळते? १९९६ च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांच्या व्यवस्थापनात पंचायतीला स्थान दिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनातील जलाशयांतील मासे व इतर उत्पन्नावरील सामूहिक हक्क मान्य केले. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून देशाला वाट दाखवली. हक्काचा कागद हाती आला. पण तळ्यात किती बीज सोडावे, केव्हा जाळे टाकावे, कोणत्या महिन्यात मासेमारी थांबवावी, हे कागद सांगत नाही. ते ग्रामसभेला समजावून सांगणारा गावचाच शिकलेला मुलगा किंवा मुलगी हवी. ज्याच्या स्मरणातून ज्ञान घेतले, त्याच्या अंगणात बसून निष्कर्ष वाचून दाखवणे, हे संशोधकाचे ऋणमोचन होय.

त्यासाठी प्रवेशपत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या मृगात प्रत्येकाने आपल्या गावचे एक पाणी निवडावे. बोडी, डोह, नाला, काहीही चालेल. एक वही करावी. दर पंधरवड्याला पाण्याची खोली, पाण्याचा रंग, मिळालेले मासे, त्यांची लांबी-वजन लिहावे. प्रत्येक माशाचे माडिया, तेलुगू, बंगाली आणि मराठी नाव गावच्या वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवावे. वर्षभराने ती वही घेऊन नागपूरच्या किंवा गडचिरोलीच्या प्राध्यापकांपुढे उभे राहावे. पदवीच्या गुणपत्रिकेइतकेच वजन त्या वहीला असेल, कारण तिच्यातील मजकूर दुसऱ्या कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाही.