सांवलीसाठीं झाड निवडतांना



घर बांधून झालें, रंग लागला, वास्तुशांतीची पंगत उठली, म्हणजे पहिल्याच उन्हाळ्यांत घरधन्यास एक उणीव भासूं लागते. पश्चिमेकडच्या खोलींत चार वाजल्यानंतर बसवत नाहीं. भिंतीला हात लावावा तों ती तव्यासारखी तापलेली. आणि रात्रीं दहा वाजले तरी तिची धग उतरत नाहीं. मग दाराशीं एखादें झाड असावें असें वाटतें, आणि मृगाचा पाऊस पडतांच, जें सुंदर दिसेल किंवा लवकर वाढेल असें माळी सांगेल, तें रोप आणून रिकाम्या कोपऱ्यांत लावलें जातें. खुर्ची विकत घेतांना आपण जेवढा विचार करतों, तेवढाहि या कामीं करीत नाहीं. वास्तविक खुर्ची उद्यां बदलतां येते. झाड चुकलें हें कळावयालाच दहा-पंधरा वर्षें लागतात.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबानें असाच एक गुलमोहर भिंतीपासून चार हातांवर लावला. फुलांनीं तो घराची शोभा झाला. मुलें त्याच्याखालीं खेळून मोठीं झालीं. पुढें वळवाच्या वाऱ्यांत त्याची एक जाड फांदी कौलांवर कोसळली, मुळांनीं कुंपणाची भिंत उचलली, आणि अखेर झाड काढावें लागलें. त्या दिवशीं घरांतील वृद्ध आई आपल्या खोलीचें दार लावून बसून राहिली. दोष गुलमोहराचा नव्हता. मूळचा मादागास्करचा हा वृक्ष उथळ मुळांचा व ठिसूळ लांकडाचा. त्यानें आपला स्वभाव पाळला. दोष निवडणाऱ्यांचा होता.

म्हणून रोप आणण्यापूर्वीं तीन प्रश्न स्वतःस विचारावे. ऊन कोणीकडून येतें? ऐन उन्हाळ्यांत या झाडावर पानें असतात काय? आणि पन्नास वर्षांनीं हें केवढें असेल?

प्रथम उन्हाची दिशा पाहूं. पुण्या-मुंबईस मे महिन्याच्या मध्यास, आणि नागपुरास त्याच महिन्याच्या अखेरच्या आठवड्यांत, सूर्य दुपारीं अगदीं डोक्यावर येतो. त्या वेळीं दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाहीं. भिंती तापतात त्या सकाळच्या, आणि विशेषतः दुपारनंतरच्या तिरप्या उन्हानें; व तें पश्चिमेकडून, किंबहुना किंचित् वायव्येकडून येतें. एकच झाड लावण्याइतकी जागा असेल तर तें पश्चिमेस लावावें. दक्षिण बाजू मोकळी राहिली तर थंडींत कललेला सूर्य घरांत ऊब आणतो, हा वरचा लाभ.

दुसरा प्रश्न पानांचा. हिवाळ्यांत पानें गाळणारें झाड घराच्या दक्षिणेस लावावें, असा उपदेश विलायती पुस्तकांत आढळतो. त्या थंड देशांत तो योग्यच आहे. परंतु आपल्याकडील पानगळ थंडीपेक्षां पाण्याच्या तुटीशीं अधिक निगडित आहे. त्यामुळें आपल्याकडील पुष्कळ झाडें, उन्हाचा कडाका सुरू व्हावा आणि त्यांनीं उघडें पडावें, अशीं वागतात. साग मे महिन्यांतहि बोडका दिसतो. गुलमोहर फाल्गुन-चैत्रांत निष्पर्ण असतो. बहावा पिवळ्या घोसांनीं लगडतो खरा, पण डोळे निवले तरी डोकें तापतच राहतें. याच्या उलट करंज आणि कडुनिंब पाहा. पानें तेहि गाळतात, पण थोड्याच दिवसांपुरतीं. चैत्रांत त्यांना पालवी फुटते आणि वैशाखांत ते दाट सांवली धरतात. आंबा, जांभूळ व बकुळ हीं तर बारमाही हिरवीं. शिवाय पान म्हणजे केवळ पडदा नव्हे. मुळांनीं ओढलेलें पाणी तें वाफेच्या रूपानें सोडतें आणि त्या क्रियेंत उष्णता खर्ची पडते. पत्र्याच्या सांवलींत जीव कासावीस होतो आणि झाडाच्या सांवलींत निवतो, त्याचें एक कारण हें आहे.

तिसरा प्रश्न आकाराचा. वड, पिंपळ व उंबर हे पूज्य वृक्ष पारावर आणि देवळाच्या आवारांत शोभतात. घराच्या पायाशीं त्यांचीं मुळें नकोत. पर्जन्यवृक्ष रुंद रस्त्यांसाठीं उत्तम, लहान अंगणासाठीं नव्हे. 'अशोक' म्हणून विकलें जाणारें उंच, सरळ झाड सीतेचा अशोक नव्हे, आणि त्याची सांवली खांबाच्या सांवलीहून फारशी रुंद नसते. कडुनिंब, आंबा, जांभूळ यांसारख्या मोठ्या झाडास भिंतीपासून निदान १५ ते २० फूट अंतर द्यावें. काळ्या मातींत तें याहूनहि वाढवावें. कारण ती माती वाळली कीं आकसते, आणि मुळें ओल शोषूं लागलीं म्हणजे पायाखालच्या भेगा अधिक रुंदावतात. विजेच्या तारांखालीं तर मोठें झाड लावूंच नये.

आतां कोणी म्हणेल, एकच नांव सांगा. देशावरील कोरड्या हवेंत कडुनिंबासारखा सोबती नाहीं. मात्र त्याच्या बुंध्याशीं पाणी सांचतां कामा नये. समुद्राजवळ भेंड चांगला. जागा थोडी आणि धीर पुष्कळ असेल, तर बकुळ लावावी. ती सावकाश वाढते, पण सुगंधानें सारें फेडते. कोकणापासून विदर्भापर्यंत बहुतेकांना चालेल असें झाड म्हणाल, तर मी करंजाचें नांव घेईन. जांभळाखालीं ज्येष्ठांत फरशी जांभळी होणार, हें मात्र आधींच मान्य करून ठेवावें.

वैशाखांत ३ फूट लांब, तितकाच रुंद व खोल खड्डा खणून उन्हांत तापूं द्यावा. मग मातींत कुजलेलें शेणखत मिसळून तो भरावा. आणि पाऊस स्थिरावल्यावर रोप लावावें. पुढले दोन-तीन उन्हाळे पाणी घालण्यास चुकूं नये. पावसाळ्यांत लाविलेलीं रोपें पुष्कळदां पुढच्याच वैशाखांत मरतात, तीं केवळ आपल्या विसरण्यामुळें.

अखेरीस एक गोष्ट. १९७५ सालच्या कायद्याप्रमाणें महाराष्ट्राच्या नागरी भागांत स्वतःच्या अंगणांतील झाडहि परवानगीवांचून तोडतां येत नाहीं. कित्येकांस हा जाच वाटतो. मला त्यांत शहाणपण दिसतें. झाड लावणें हा नातवंडांच्या वतीनें केलेला करार आहे, आणि त्यावर त्यांची सही घेण्याची सोय नाहीं. म्हणून यंदा मृगापूर्वीं एका दुपारीं चार वाजतां अंगणांत उभे राहा, ऊन कोठून येतें तें पाहा, आणि मगच रोप आणावयास जा.