विचारणे आणि कळविणे



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे, अशी रूढी आहे. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढचे सारे कारखान्याच्या फाटकावर आणि नगर वाचनालयात झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कृपा करून ठेवू नये. आम्ही एकच साधा प्रश्न घेऊन आलो आहोत. सरकारने लोकांना विचारले, असे केव्हा म्हणावे?

पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात पाळ्यांच्या वेळा बदलण्याविषयी चर्चा करण्यास आम्हांला बोलावले होते. चहा झाला, आमचे म्हणणे टिपून घेतले गेले. बाहेर येऊन पाहतो तो फाटकावरच्या फळ्यावर नव्या वेळा रंगवून तयार! रंग अजून ओला होता. त्या दिवशी आम्हांला विचारणे आणि कळविणे यांतला भेद समजला.

आता हाच भेद एका दूरच्या देशात पाहू. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात तोहोनो ओओधम नावाचे आदिवासी लोक राहतात. नावाचा अर्थ वाळवंटातली माणसे. १८५३ साली अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात जमिनीच्या विक्रीचा करार झाला आणि नवी सीमारेषा या लोकांच्या मुलखातून गेली. करार दोन सरकारांचा. ज्यांची भूमी दुभंगली त्यांना त्यात जागा नव्हती. आज त्यांच्या तीस हजारांहून अधिक नोंदलेल्या सभासदांपैकी सुमारे दोन हजार मेक्सिकोत राहतात. त्यांच्या राखीव प्रदेशाची सुमारे १०० किलोमीटर हद्द हीच दोन राष्ट्रांची सीमा आहे.

हे लोक सीमेच्या रक्षणाच्या विरुद्ध आहेत, असा समज कोणी करून घेऊ नये. मोटारी अडविणारे खांब त्यांनी आपल्या हद्दीत येऊ दिले. २०१९ च्या मार्च महिन्यात त्यांच्या विधिमंडळाने टेहळणीचे मनोरे उभारण्यासही संमती दिली. त्यांचा विरोध उंच भिंतीला होता. कारण तिने माणसांची, पाण्याची आणि वन्य प्राण्यांची वाट बंद होते.

त्यांच्या बाजूने कायदे नव्हते काय? होते. ऐतिहासिक स्थळांच्या जतनाचा कायदा १९६६ चा. आदिवासींच्या कबरींचे आणि अस्थींचे रक्षण करणारा कायदा १९९० चा. जमातींशी आधी सल्लामसलत करावी, हे तत्त्व कागदावर मान्य झालेले होते. पण २००५ साली दुसरा एक कायदा झाला. सीमेवरचे अडथळे लवकर उभारण्यासाठी अंतर्गत सुरक्षा खात्याच्या मंत्र्याला वाटेल तो कायदा बाजूला ठेवण्याचा अधिकार त्याने दिला. त्याविरुद्ध न्यायालयात जायचे तर साठ दिवसांच्या आत, आणि तेही केवळ राज्यघटनेचा भंग झाला एवढ्याच मुद्द्यावर. वर्षानुवर्षे झगडून मिळविलेले हक्क एका सहीने गुंडाळून ठेवता येतात, ते असे.

परिणाम २०२० साली दिसला. राखीव प्रदेशाच्या पश्चिमेस ऑर्गन पाइप कॅक्टस नावाचे संरक्षित उद्यान आहे. भूमी केंद्र सरकारची, पण या लोकांच्या पूर्वजांची. तेथील मॉन्युमेंट हिल ही टेकडी ते पवित्र मानतात. लढायांत पडलेल्यांना तेथे पुरले, असे ते सांगतात. भिंतीसाठी त्या टेकडीवर सुरुंग लावले गेले. त्याच फेब्रुवारी महिन्यात त्यांचे अध्यक्ष नेड नॉरिस धाकटे वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या समितीपुढे आपले गाऱ्हाणे मांडत होते. समितीने ऐकले, पण टेकडी फोडली गेली ती गेलीच. २०२३ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्याच सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने या हानीची नोंद केली आणि झाल्या प्रकारातून धडा घ्यावा अशी शिफारस केली. पुढे २०२५ च्या जुलैत भिंतीसाठी सुमारे ४६ अब्ज डॉलर मंजूर झाले.

यावर कोणी म्हणेल, "सीमा साऱ्या देशाची. एखाद्या जमातीने नाही म्हटले म्हणून संरक्षण थांबवायचे काय?" आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. विचारणे म्हणजे प्रत्येकाचा नकार पाळणे नव्हे. युनियनच्याही सगळ्या मागण्या मान्य होत नाहीत. पण नकाशा निर्णयापूर्वी पुढे ठेवावा, भिंतीचा मार्ग बदलण्याइतकी मोकळीक ठेवावी, म्हणणे अमान्य केल्यास कारण लेखी द्यावे आणि दाद मागण्याचे दार उघडे असावे, एवढे तरी नको काय? जे लोक मनोऱ्यांना होकार देतात त्यांना टेकडीविषयी विचारले असते, तर कदाचित दुसरी वाट निघाली असती. ती शोधण्याची वेळच कोणी येऊ दिली नाही.

आणि हे सारे परदेशातले म्हणून आम्ही स्वस्थ बसू नये. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या केंद्र सरकारने म्यानमारलगतच्या १,६४३ किलोमीटर सीमेवर कुंपण घालण्याचे जाहीर केले. त्यानंतर २८ फेब्रुवारीस मिझोरमच्या आणि १ मार्चला नागालँडच्या विधानसभेने विरोधाचे ठराव केले, कारण त्यांचे सोयरे पलीकडेही राहतात. नागालँडातील लोंगवा गावी तर सीमारेषा गावप्रमुखाच्या घरातूनच जाते. क्रम पाहा: घोषणा आधी, ठराव नंतर. कुंपण हवे की नको, याविषयी या सभेत दोन मते असतील. ती असू द्या. पण ज्याच्या घरातून रेषा जाते त्याचे म्हणणे घोषणेपूर्वी ऐकावे, याविषयी दोन मते नसावीत.

म्हणून आमची एवढीच विनंती आहे. 'स्थानिकांशी चर्चा झाली' असे वर्तमानपत्रात वाचाल तेव्हा दोन तारखा विचारा: चर्चेची आणि निर्णयाची. निर्णयाची आधीची निघाली, तर फळ्यावरचा रंग आधीच लागलेला होता असे समजा, आणि तसे चारचौघांत बोलून दाखवा.