पटावरचें नांव

शाळेंत ज्याचें नांव पटावर नसे, तो मुलगा समोर बसलेला असूनहि गैरहजरच ठरे. आरोग्यविम्याचेंहि तसेंच आहे.

आपल्याकडे १९४८ च्या कायद्यानें कामगार राज्य विमा आला. १९५२ सालीं कानपूर व दिल्ली येथें तो सुरू झाला. त्याचें सभासदत्व नोकरीशीं व पगाराशीं बांधलेलें. २०१७ पासून मासिक वेतनाची मर्यादा २१,००० रुपये झाली. जालन्याच्या सळयांच्या कारखान्यांतील कामगार त्यांत बसतो. ऊसतोडीस जाणारा त्याचा भाऊ बसत नाहीं. किंबहुना कारखान्यांतलाहि सुटतो. माझा एक जुना विद्यार्थी ठेकेदाराकडे होता. हात भाजला तेव्हां कळलें, कीं त्याचें नांव कोठेंच नोंदलेलें नव्हतें.

नेपाळनें २०१७ च्या कायद्यानें विमा सर्व नागरिकांसाठीं केला व कुटुंब हा घटक धरला. पांच माणसांच्या घरास वार्षिक हप्ता ३,५०० नेपाळी रुपये ठरला. परंतु हप्ता थकला कीं नांव गळतें. श्रीलंकेंत सरकारी रुग्णालयांत पटच नाहीं; उपचार विनामूल्य, खर्च करांतून. तथापि २०२२ च्या आर्थिक संकटांत तेथें औषधें दुर्मिळ झालीं. म्हणजे निर्दोष पद्धति कोणतीच नाहीं.

महाराष्ट्रानें २०२३ सालीं महात्मा जोतिराव फुले योजना सर्व कुटुंबांस खुली करण्याचें ठरविलें, हें योग्यच झालें. मात्र हक्क असणें वेगळें आणि नोंद असणें वेगळें. आपल्या घरीं भांडीं घासणाऱ्या बाईस आज एवढेंच विचारा: बाई, तुमचें नांव पटावर आहे ना?