इलेक्ट्रॉनिक्सची मासिकं आता कशाला?

आजचा प्रश्न साधा आहे. आर्डुइनोचा कोड, आयसीची डेटाशीट, सर्किटचे व्हिडिओ, सगळं फोनवर फुकट मिळतं. मग इलेक्ट्रॉनिक्सचं मासिक कुणी का वाचावं? मी दिवसभर कोड लिहितो, अडलं की सर्च करतो. तरी माझं उत्तर आहे, वाचावं. का, ते सांगतो.

आधी नेटची बाजू मान्य करू. डेटाशीट, लायब्ररी, पार्ट्सचे आजचे भाव, यात मासिक नेटच्या आसपासही येत नाही.

पण सर्च काय करतं? तुम्ही विचाराल तेवढंच देतं. ज्याचं नावच माहीत नाही, ते विचारणार कसं?

उदाहरण घ्या. २३० व्होल्टवर एलईडी लावायचाय. ट्रान्सफॉर्मर नको, एक कपॅसिटर आणि चार डायोड लावा, झालं! असे व्हिडिओ ढिगाने सापडतात. एलईडी पेटतोही. पण या सर्किटला मेन्सपासून आयसोलेशन नसतं. एलईडीच्या तारेला हात लागला तरी जीवघेणा शॉक बसू शकतो. कपॅसिटर एक्स२ प्रकारचाच लागतो. त्याला समांतर रेझिस्टर लागतो, नाहीतर प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो. फ्यूजही हवा. आता 'एक्स२' हा शब्दच कधी ऐकला नसेल, तर तो सर्च कोण करणार?

चांगल्या मासिकातला लेख हे न विचारता सांगतो. सर्किट कसं चालतं, कुठला पार्ट कशासाठी, चाचणी कशी घ्यायची, धोका कुठे, सगळं एका जागी. शिवाय पार्ट्सची यादी. ती घेऊन सरळ लॅमिंग्टन रोड नाहीतर पुण्याची तपकीर गल्ली गाठायची.

मासिक म्हणजे वेदवाक्य नव्हे हं. 'एलेक्टर', 'सिलिकॉन चिप' यांच्याही सर्किटमध्ये चुका निघतात, पण ते दुरुस्त्या छापतात. आणि एक गंमत ऐका. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा कॉम्प्युटर झळकला. फोटोतला तो डबा आतून रिकामा होता! खरा नमुना पाठवताना वाटेतच हरवला होता. तरी तोच अंक पाहून पॉल ॲलन आणि बिल गेट्स त्याच्यासाठी बेसिक लिहायला बसले. त्यातून मायक्रोसॉफ्ट उभी राहिली. अल्टेअर हे नाव त्यांनी कुठे शोधलं नव्हतं. ते अंकातून समोर आलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. उत्तरं नेटवर शोधा, पण प्रश्न कुठले पडायला हवेत हे मासिकातून शिका. १९६९ पासून निघणाऱ्या 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'चा एखादा जुना अंक रद्दीवाल्याकडे किंवा कॉलेजच्या लायब्ररीत बघा. बॅटरीवर चालणारं एक छोटं सर्किट निवडा. आधी पूर्ण लेख वाचा, मगच सोल्डरिंग गन गरम करा.

भेटू पुढच्या भागात!