विद्यापीठाचं दार अहमदपुरात आहे



परीक्षा संपत आल्या आहेत. लवकरच निकाल लागतील, प्रवेशाची धांदल सुरू होईल. म्हणून विद्यार्थ्यांच्या नोंदी जपण्याचा विषय मी आजच मांडतो आहे.

२०२३ मध्ये आपल्याकडे जुन्या कुणबी नोंदींचा शोध कसा चालला होता, हे तुम्ही पाहिलंत. निजामकाळातली उर्दू आणि मोडी दप्तरं बाहेर निघाली, शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या पान पान चाळल्या गेल्या. एका ओळीवर अख्ख्या घराचं भवितव्य अवलंबून होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने माणसं गेली, घरं गेली आणि घरांबरोबर कागदही ढिगाऱ्याखाली गेले. त्यामुळे नोंदीची किंमत मराठवाड्याला वेगळी सांगावी लागत नाही.

त्या जुन्या नोंदवहीत एक मोठा गुण होता. कुणी खाडाखोड केली की ती दिसायची. शाई वेगळी, वळण वेगळं आणि दुरुस्ती खरी असेल तर शेजारी मुख्याध्यापकांची सही. संगणकात ३५ चे ५३ केले तर पडद्यावर डाग उमटत नाही. म्हणून तिथे प्रत्येक बदलाची वेगळी नोंद आपोआप व्हावी लागते: कुणी बदललं, कधी बदललं, आधी काय होतं. तंत्रज्ञ तिला 'लॉग' म्हणतात. मी तिला खाडाखोडीची खूण म्हणतो. ही खूण शाबूत असेल तरच संगणकातली गुणपत्रिका विश्वासाची.

आता आपल्या विद्यापीठाकडे येऊ. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्थापन झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या मुलामुलींची नावं, जन्मतारखा, गुण आज त्याच्या दप्तरी आहेत. सर्व्हरची खोली नांदेडला विष्णुपुरीत असेल, पण त्या माहितीला आत जाण्याचं दार इथे अहमदपुरात आहे, महाविद्यालयाच्या कार्यालयाच्या खिडकीत.

त्या खिडकीपाशी मी अनेक तालुक्यांत उभा राहिलो आहे. जुलैचा महिना, बाहेर रांग. संगणकाच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर पासवर्ड लिहिलेला, आणि तो एकच पासवर्ड चौघांचा. उद्या एखादी नोंद बदलली तर लॉगमध्ये एकच नाव दिसणार. मग चौघांपैकी जबाबदार कोण? खूण असूनही ती मुकी झाली.

रांगेतली मुलगी खेड्यातून आली आहे. अर्ज तिने चौकातल्या केंद्रावर भरून घेतला. तिच्याकडे स्वतःचा मोबाईल नाही, म्हणून केंद्रचालकाने आपलाच नंबर टाकला. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता, काम उरकायचं होतं. पुढे शिष्यवृत्तीच्या वेळी ओटीपी जातो त्याच नंबरवर, आणि तोवर तो नंबर बदललेला असतो. त्या मुलीचं वर्षाचं पैशाचं गणित एका दहा आकडी नंबरात अडकून पडतं. तिच्या आधारची झेरॉक्स, जातीचा दाखला, बँक पासबुकाचं पहिलं पान त्या दुकानाच्या संगणकात तसंच राहतं. वर कुणीतरी सोयीसाठी नाव आणि मोबाईल नंबरांची यादी व्हॉट्सॲपच्या गटावर टाकतं, आणि मग यादीतल्या मुलींना अनोळखी फोन येऊ लागतात.

तयारी नसताना यंत्रावर विसंबलं की काय होतं, ते २०१७ साली मुंबई विद्यापीठात महाराष्ट्राने पाहिलं. उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याचा निर्णय ऐन परीक्षेच्या हंगामात झाला. पद्धत वाईट नव्हती, पण घाई झाली. पंचेचाळीस दिवसांत लागायचे ते निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, पुढच्या प्रवेशासाठी थांबलेली मुलं हवालदिल झाली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठावर ही वेळ आली.

दुसरं उदाहरण नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाचं. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथे एका बनावट ईमेलमधली लिंक उघडली गेली. चोर आत शिरले आणि दोन महिने गुपचूप फिरत राहिले. नाताळच्या तोंडावर त्यांनी २६७ सर्व्हरना कुलूप ठोकलं. काही बॅकअप त्याच नेटवर्कला जोडलेले होते, तेही गेले. शेवटी ३० बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे दोन लाख युरो, खंडणी मोजावी लागली. बियाणं आणि धान्य एकाच कणगीत ठेवणारा शेतकरी आपल्याकडे सापडणार नाही. माहितीचंही तसंच आहे. तिच्या तीन प्रती हव्यात, त्या दोन वेगळ्या साधनांवर हव्यात आणि एक प्रत दुसऱ्या गावी, नेटवर्कपासून तोडलेली हवी. आणि वर्षातून एकदा ती प्रत उघडून पाहायला हवी.

कायदाही आता आपल्या बाजूने उभा आहे. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ सी प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवण्याचं बंधन २०२२ पासून आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर माहिती ज्याची, हक्क त्याचा, हे तत्त्व मान्य केलं. विद्यार्थ्याची माहिती ही संस्थेची मालमत्ता नव्हे, ती विश्वासाने ठेवलेली ठेव आहे.

प्राचार्यांना माझी विनंती आहे: या जूनपूर्वी प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचं वेगळं खातं द्या, आणि बदली होऊन गेलेल्याचं खातं त्याच दिवशी बंद करा. कार्यालयातल्या बांधवांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. एका माणसावर चौघांचं काम टाकून सुरक्षिततेची अपेक्षा धरता येत नाही. त्यांना माणसं द्या, प्रशिक्षण द्या. प्राध्यापकांनो, अर्ज भरायला एक दिवस महाविद्यालयातच मदतीचं टेबल लावा.

आणि पालकहो, मुलीच्या अर्जावर तिचा नाहीतर घरातलाच नंबर घाला. ओटीपी कुणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर लाजू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. पैसा अडवता येतो तो पहिल्या काही तासांतच.

पुढच्या पिढीला जेव्हा आपली नोंद शोधावी लागेल, तेव्हा ती जागेवर आणि जशीच्या तशी सापडली पाहिजे. ती जपण्याचं काम या जूनमध्ये, आपल्याच गावातल्या खिडकीपासून सुरू करा, एवढंच मागणं करून मी थांबतो.